घराच्या छपराचे उन्हापासून संरक्षण : पद्धती, खर्च व अनुदान

उन्हाळ्यात शेतकरी दिवसभर शेतात राबतो आणि दुपारच्या विसाव्यासाठी घरी येतो. शेतात निदान झाडाची सावली व वारा असतो. घरात मात्र, विशेषतः पत्र्याच्या घरात, दुपारी क्षणभर बसवत नाही. म्हातारी माणसे, तान्ही मुले, बाळंतीण व आजारी माणसे यांना तर दिवसभर त्याच छपराखाली राहावे लागते. विदर्भ, खानदेश व मराठवाडा या भागांत एप्रिल-मे महिन्यांत पारा 42 ते 45 अंश सेल्सिअसपर्यंत, व कित्येकदा त्याच्याही वर जातो. अशा वेळी घराचे छप्पर हे आसरा न राहता तापलेल्या तव्यासारखे होते. हा ताप कमी करण्याचे उपाय फार खर्चाचे नाहीत, व त्यांतील बरेचसे घरच्या माणसांना स्वतः करता येण्यासारखे आहेत. त्यांची माहिती पुढे दिली आहे.

उष्णता घरात कशी शिरते

उष्णता तीन वाटांनी प्रवास करते. तापलेल्या पदार्थातून ती एका कणाकडून दुसऱ्या कणाकडे सरकते, त्यास वहन म्हणतात. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते व थंड हवा खाली येते, त्यास अभिसरण म्हणतात. तिसरी वाट प्रारणाची. चुलीजवळ बसलेल्या माणसास मध्ये काहीही नसताना जशी धग लागते, तशी तापलेल्या पत्र्याची धग खाली बसलेल्या माणसाच्या अंगाला लागते.

निरभ्र आकाशात भर दुपारी जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सूर्याची सुमारे 1,000 वॉट एवढी शक्ती पडते. वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद घराचे छप्पर सुमारे 28 चौरस मीटर भरते. म्हणजे प्रत्येकी 1,000 वॉटच्या 28 विजेच्या शेगड्या एकाच वेळी छपरावर पेटवून ठेवाव्यात, एवढी ही उष्णता होय. ती सर्वच घरात येत नाही. काही भाग परावर्तित होतो, काही वारा घेऊन जातो. परंतु छप्पर काळपट, गंजलेले व पातळ असेल तर तिचा मोठा भाग आत शोषला जातो. असा पत्रा दुपारी 60 अंशांच्याही पुढे तापतो.

येथे पदार्थाच्या गुणाचा विचार करणे अगत्याचे आहे. पोलादातून उष्णता स्थिर हवेपेक्षा सुमारे दोन हजार पट सहजतेने वाहते. म्हणूनच पातळ पत्रा उष्णतेला मुळीच अडवत नाही. याउलट गवत, कडबा, बांबूची तट्टी, लोकर, थर्माकोल या वस्तूंमध्ये हवा बारीक बारीक कप्प्यांत कोंडलेली असते. ही कोंडलेली हवाच उष्णतेला अडविण्याचे खरे काम करते.

थंड देशांतील माळा व आपला माळा

युरोपातील थंड देशांत घराच्या माळ्यावर खनिज लोकरीसारख्या पदार्थाचा जाड थर पसरण्याची पद्धत आहे. ब्रिटनमध्ये हा थर 270 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अकरा इंच जाडीचा असावा अशी शिफारस केली जाते. तेथे घरात पेटविलेल्या शेगडीची ऊब छपरातून निसटून जाऊ नये हा हेतू असतो. आपल्याकडे काम उलट आहे. बाहेरचे ऊन आत येऊ द्यावयाचे नाही आणि जे आले असेल ते रात्री लवकर बाहेर घालवावयाचे. त्यामुळे आपल्या छपरास केवळ जाड थर पुरत नाही. सावली, पांढरा रंग, हवेची पोकळी आणि मग थर, या क्रमाने विचार करावा. पहिली दोन कामे स्वस्त असून त्यांनी उष्णता छपरात शिरण्यापूर्वीच परतविली जाते.

छपराचे प्रकार व त्यांचे गुणदोष

कौलारू घर : कौलांच्या सांध्यांमधून हवा खेळत असल्याने असे घर पत्र्यापेक्षा सुसह्य असते. कोकणातील व घाटावरील जुन्या घरांत कौलांखाली माळा किंवा लाकडी तक्तपोशी असे. वरची उष्णता माळ्यातच अडून राही व खालची खोली थंड राही. पुढे जेथे माळे काढून टाकले गेले व कौलांच्या जागी पत्रे आले, तेथे हा लाभही गेला.

माळवद अथवा धाबे : लाकडी तुळया, त्यांवर किलच वा फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर अशी याची बांधणी असते. मातीचा थर दिवसा सावकाश तापतो व रात्री सावकाश निवतो, म्हणून दुपारी घर थंड राहते. परंतु याचा दोष गंभीर आहे. एक फूट जाडीच्या मातीचे वजन प्रत्येक चौरस मीटरला सुमारे 500 किलो होते. दहा फूट चौरस खोलीवर हा भार साडेचार टनांच्या आसपास जातो. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नवी माती घालत गेल्यास तो आणखी वाढतो. दिनांक 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे प्राणास मुकली. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाचा बोजा अंगावर कोसळणे हे त्या हानीचे एक प्रमुख कारण होते. तेव्हा थंडाव्यासाठी माळवदावर मातीचे थर वाढवीत जाऊ नये. जुनी माती काढून मगच नवी घालावी व तुळया वाळवीने पोखरल्या आहेत काय ते आधी पाहावे.

पत्र्याचे घर : उभारण्यास स्वस्त व जलद, परंतु दुपारी अतिशय तापणारे, आणि थंडीत पहाटे आतून दव ठिबकणारे असे हे घर असते. सर्वांत अधिक लक्ष यासच द्यावे लागते.

स्लॅबचे घर : काँक्रीट दिवसभर उष्णता साठविते व ती संध्याकाळनंतर खाली सोडीत राहते. म्हणून रात्री बाहेर वारा सुटला तरी स्लॅबखाली झोप लागत नाही.

उपाय पहिला : पांढरा लेप

पांढरा पृष्ठभाग ऊन परतवितो. स्वच्छ व ताजा पांढरा लेप पडणाऱ्या उन्हापैकी साधारण दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश भाग परत पाठवितो. काळपट छप्पर मात्र बहुतेक ऊन शोषून घेते.

स्लॅबसाठी चुन्याचा लेप सर्वांत स्वस्त पडतो. एक किलो कळीच्या चुन्यास सुमारे पाच लिटर पाणी या प्रमाणात चुना विरवावा. तो 24 तास तसाच ठेवून जाड कापडातून गाळावा. गरम पाण्यात विरघळविलेला डिंक दर दहा लिटरला 40 ग्रॅम या प्रमाणात त्यात मिसळावा. स्लॅब झाडून, धुऊन व शेवाळ खरवडून काढल्यावर संध्याकाळच्या वेळी दोन ते तीन हात द्यावेत. पहिला हात वाळल्यावरच दुसरा द्यावा. चुना विरताना तो उकळतो व अंगावर उडतो. म्हणून मुलांना दूर ठेवावे, डोळ्यांस चष्मा लावावा व हातांस फडके किंवा हातमोजे बांधावेत. डोळ्यात चुना गेल्यास स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन ताबडतोब दवाखाना गाठावा.

जस्ताच्या नव्या पत्र्यावर चुना लावू नये, कारण ओला चुना जस्तास खातो. पत्र्यासाठी बाजारात मिळणारा, ऊन परतविणारा पांढरा रंग वापरावा. गंज तारेच्या ब्रशाने काढून, गंजरोधक अस्तर देऊन मग दोन हात द्यावेत. ॲस्बेस्टॉसचे पत्रे असल्यास ते घासू, कापू किंवा भोसकू नयेत. त्यांचे तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात गेल्यास वर्षांनंतर असाध्य रोग होतात. असे पत्रे पाण्याने हलकेच ओले करून नुसता रंग द्यावा.

धूळ बसली की लेपाचा गुण कमी होतो. उन्हाळ्यात एकदोन वेळा छप्पर पुसून घ्यावे.

उपाय दुसरा : छपरावर सावली

पत्र्यावर तुराट्या, पऱ्हाट्या किंवा कडबा टाकण्याची चाल अनेक गावांत आहे. तिने ताप कमी होतो हे खरे, परंतु वाळलेला पालापाचोळा म्हणजे आगीस आमंत्रण होय. चुलीची ठिणगी किंवा विजेच्या तारांचे घर्षण झाल्यास सर्व घर धोक्यात येते. शिवाय त्यात उंदीर, विंचू व साप आसरा घेतात. त्याऐवजी पत्र्यापासून एक ते दीड फूट उंचीवर बांबूचा हलका मांडव घालून त्यावर शेतीसाठी वापरली जाणारी सावलीची जाळी ताणावी. मधून वारा वाहता राहिला पाहिजे, जाळी पत्र्याला चिकटता कामा नये. वादळात उडणार नाही अशा रीतीने ती चारही कोपऱ्यांस घट्ट बांधावी व रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी उतरवून ठेवावी.

ज्यांच्याकडे सांडपाण्याची सोय आहे त्यांनी घराच्या पश्चिमेस व दक्षिणेस मांडव घालून त्यावर दोडका, दुधी भोपळा, कारले किंवा वाल यांचे वेल चढवावेत. भिंतींस सावली मिळते व घरास भाजी मिळते. वेल उन्हाळ्यापर्यंत वाढावेत म्हणून बियाणे जानेवारी-फेब्रुवारीत टोकावे.

छपरावर ओली पोती टाकल्यानेही गारवा येतो. परंतु ज्या गावात मे महिन्यात टँकरने पाणी येते तेथे हा उपाय सुचविणे योग्य होणार नाही.

उपाय तिसरा : पत्र्याखाली माळा अथवा छत

पत्र्याची धग थेट अंगावर येऊ नये म्हणून त्याखाली दुसरे छत बांधणे हा टिकाऊ उपाय आहे. बुरुडांकडून विणून घेतलेल्या बांबूच्या तट्ट्या यासाठी उत्तम. पत्रा व तट्टी यांमध्ये निदान चार ते सहा इंचांची पोकळी ठेवावी. ही पोकळी बंद करू नये. वळचणीच्या बाजूस हवा आत येण्यास व आढ्याजवळ गरम हवा बाहेर जाण्यास वाटा ठेवाव्यात. या वाटांस बारीक जाळी बसवावी, म्हणजे चिमण्या, उंदीर व पाली आत शिरणार नाहीत, आणि पावसाचे पाणी येऊ नये म्हणून वरून पन्हळी टोपी बसवावी. तट्टीस खालून शेणमातीचा किंवा चुन्याचा हात दिल्यास धूळ गळत नाही.

बाजारात चकचकीत ॲल्युमिनियमचा पापुद्रा लावलेल्या चादरी मिळतात. त्या प्रारणाची धग परतवितात, परंतु त्यासाठी चकचकीत बाजूसमोर हवेची पोकळी असावी लागते. ती बाजू खालच्या दिशेस ठेवल्यास तिच्यावर धूळ बसत नाही. पापुद्रा पत्र्यास चिकटविल्यास त्याचा फारसा उपयोग होत नाही. ॲल्युमिनियममधून वीज वाहते, म्हणून उघड्या तारा त्याच्याजवळून नेऊ नयेत.

थर्माकोल उष्णता चांगली अडवितो, परंतु तो चटकन पेटतो व त्याचा धूर विषारी असतो. स्वयंपाकघरात तो वापरू नये. तसेच घरात साठविलेला कापूस, कडबा किंवा रिकामे बारदान माळ्यावर भरून त्यालाच उष्णतारोधक थर समजण्याची चूक करू नये. काही शेतकरी भाव वाढेपर्यंत कापूस राहत्या घरात ठेवतात. विजेच्या तारेची एक ठिणगी त्या कापसासह घरातील माणसांवरही संकट आणू शकते.

स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा किंवा उलटी मडकी मांडून वर चुना-काँक्रीटचा थर देण्याची पद्धतही चांगली आहे. मात्र त्याने भार वाढतो. स्लॅब तो पेलील की नाही हे अभियंत्यास विचारल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये.

गोठ्याचाही विचार व्हावा

संकरित गाई व म्हशी यांना उष्णता फार बाधते. जनावर धापा टाकते, चारा कमी खाते आणि दूध आटते. गोठ्यावरील पत्र्यास पांढरा रंग, पत्र्याची उंची अधिक व बाजू मोकळ्या, एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो. कोंबड्यांच्या शेडला हेच लागू आहे. तेथे एका दुपारीत संबंध कळप दगावण्याचा धोका असतो.

खर्चाचा हिशोब

साहित्याचे भाव व मजुरी गावागणिक बदलतात. म्हणून पुढील दर केवळ हिशोबाची रीत समजावी यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारातील दर घालून आकडे काढावेत. घर 300 चौरस फुटांचे धरले असून, पत्र्यास उतार असल्याने त्याचे क्षेत्र 330 चौरस फूट धरले आहे.

(1) स्लॅबवर चुन्याचा लेप, दर चौरस फुटास 3 रुपये : एकूण 900 रुपये. हा दरवर्षी द्यावा लागतो.
(2) पत्र्यावर पांढरा रंग, दोन हात, दर चौरस फुटास 18 रुपये : एकूण 5,940 रुपये. तो चार वर्षे टिकला तर वर्षाचा खर्च 1,485 रुपये.
(3) बांबूचा मांडव व सावलीची जाळी, दर चौरस फुटास 8 रुपये : एकूण 2,640 रुपये.
(4) तट्टीचे छत, सांगाड्यासह, दर चौरस फुटास 40 रुपये : एकूण 12,000 रुपये. बांबू घरचा व मजुरी स्वतःची असल्यास यात मोठी बचत होते.

ज्यास एकच काम परवडते त्याने पांढऱ्या लेपापासून आरंभ करावा. पुढील वर्षी छत, त्यानंतर वेलाचा मांडव, असे क्रमाक्रमाने करावे. सर्व घर होत नसल्यास ज्या खोलीत म्हातारी माणसे व मुले दुपारी असतात ती खोली प्रथम घ्यावी.

अनुदान व साहाय्य

घर नव्याने बांधावयाचे असेल तर छपराचा विचार आराखड्यातच करावा, कारण नंतर केलेले काम महाग पडते. सन 2016 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीण या योजनेत पात्र कुटुंबास सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये व डोंगराळ प्रदेशात 1 लाख 30 हजार रुपये साहाय्य ठरविण्यात आले. घर निदान 25 चौरस मीटरचे असावे अशी अट आहे. रक्कम बांधकामाच्या प्रगतीप्रमाणे हप्त्यांनी थेट बँक खात्यात जमा होते. महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील घरकुलांसाठी आणखी 50 हजार रुपयांची भर घातली. त्यांपैकी 35 हजार रुपये बांधकामासाठी व 15 हजार रुपये सौर वीजसंचासाठी ठेवण्यात आले. 25 चौरस मीटर म्हणजे सुमारे 270 चौरस फूट. वरील दराने एवढ्या स्लॅबला पांढरा रंग देण्यास 4,860 रुपये लागतात. मूळ 1 लाख 20 हजारांच्या साहाय्याशी हे प्रमाण शेकडा 4 च्या आसपास पडते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर घटकांसाठी रमाई, शबरी इत्यादी राज्य घरकुल योजनाही आहेत. त्यांची चौकशी ग्रामपंचायत व पंचायत समितीच्या कार्यालयात करावी.

सन 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घराच्या छपरावरील सौर संचास 1 किलोवॉटला 30 हजार, 2 किलोवॉटला 60 हजार आणि 3 किलोवॉट वा अधिकला 78 हजार रुपये अनुदान ठरविण्यात आले. हे अनुदान विजेसाठी असले तरी स्लॅबपासून उंच बसविलेल्या तावदानांची सावली छपरावर पडते व तेवढा भाग कमी तापतो. माळवद किंवा मोडकळीस आलेल्या छपरावर मात्र असा संच बसवू नये.

छपराच्या थंडाव्याचे काम अन्यत्र सार्वजनिक पातळीवरही हाती घेतले गेले आहे. सन 2010 च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबाद महापालिकेने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला व पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम घेतले. तेलंगण राज्याने 2023 मध्ये थंड छपरांसंबंधी स्वतंत्र धोरण जाहीर केले.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

नुसत्या सांगण्याने पटत नाही, ते प्रत्यक्ष दाखवावे लागते. गावातील एकाच आकाराच्या व एकाच दिशेच्या दोन पत्र्याच्या खोल्या निवडाव्यात. एकीचा पत्रा पांढरा करावा, दुसरीचा तसाच ठेवावा. दोन्ही खोल्यांत माणसाच्या डोक्याच्या उंचीवर तापमापक टांगून सकाळी 7, दुपारी 3 व रात्री 9 वाजता आठ दिवस नोंद घ्यावी. ही नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. महिला बचत गटांच्या सभासदांना दोन्ही खोल्यांत दुपारी बसवावे, कारण घरात अधिक काळ त्याच असतात.

या उपायांनी घर सुसह्य होते, पण उष्माघाताचा धोका पूर्णपणे टळत नाही. अंग अतिशय तापणे, बरळणे, झटके येणे किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा माणसास लगेच सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

गळती बंद करणे व गंज काढणे ही कामे माघ महिन्यात, लेप व रंग होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत, आणि मांडव व जाळी चैत्रात पुरी करावीत. वैशाखाचे ऊन तापू लागल्यावर छपरावर चढणे कठीण व धोक्याचे असते. तोवर काम झालेले असावे.